विजेची गाडी आणि आपली डीपी



आपल्या कार्यक्षेत्रात विजेवरच्या मोटारी आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. गट ऑफिसच्या दारात, लग्नाच्या मांडवाबाहेर, बाजारच्या दिवशी पंचायतीपुढे हिरव्या नंबरप्लेटची एखादी गाडी उभी दिसतेच. डिझेलचा खर्च पाहता ज्यांनी ती घेतली त्यांचा हिशेब चुकला असे आम्ही म्हणणार नाही. पण गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात जी तक्रार कानावर येते ती बहुतेक ठिकाणी एकच असते. "शोरूमवाला म्हणाला रात्रभरात फुल्ल होईल, आणि इथं सकाळी बघावं तर निम्मीबी भरंना!" मग शोरूमला फोन होतो. शोरूमवाला म्हणतो, तुमच्याकडची लाईट खराब. लाईटवाले म्हणतात, मीटरच्या पुढचं आमच्याकडं येत नाही. गावातला वायरमन म्हणतो, पीसच वाईट आलाय. तिघांच्या तीन तऱ्हा, आणि गाडी आपली पडवीत उभी.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, या तक्रारींपैकी फार थोड्या गाडीच्या असतात. बाकीच्या आपल्या भिंतीतल्या वायरीच्या, अर्थिंगच्या आणि चौकातल्या डीपीच्या असतात. आणि त्या डीपीवर आपण सगळेच अवलंबून आहोत. ज्याच्या दारात पंधरा लाखांची गाडी आहे तोही, आणि ज्याची विहिरीवर फक्त पाच अश्वशक्तीची मोटार आहे तोही. सबब, ज्यांच्याकडे गाडी नाही त्या सभासदांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये ही विनंती.

प्रथम 'हळू' म्हणजे नेमके किती हळू, हे पाहू. उसाच्या टनेजबद्दल वाद झाला तर आपण काट्यावर जातो. तोंडी अंदाजावर भांडत नाही. विजेचेही तसेच आहे. घरातल्या पंधरा-सोळा अँपिअरच्या पॉवर सॉकेटमधून, २३० व्होल्टचा दाब पुरता मिळत असेल, तर गाडीसोबतची केबल तासाला तीन-सव्वातीन युनिटच ओढते. त्यापेक्षा जास्त ती ओढूच शकत नाही, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० साली आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. २०२४ साली मोठ्या बॅटरीची नेक्सॉन आली ती ४५ युनिटांची. टियागो ईव्ही १९.२ आणि २४ अशा दोन मापांत मिळते, एमजीची छोटी कॉमेट १७.३ ची. आता ४५ युनिटांची रिकामी बॅटरी घरच्या सॉकेटवर भरायची तर वाटेतली तूट धरून पन्नासच्या आसपास युनिटे लागतात, म्हणजे पंधरा-सोळा तास. याला बिघाड म्हणत नाहीत. टाकी मोठी बांधली आणि नळ अर्ध्या इंचाचाच ठेवला, तर टाकीला नावे ठेवण्यात काय अर्थ?

शिवाय रोज रिकामी गाडी कोण घरी आणतो? तालुक्याला जाऊन-येऊन साठ किलोमीटर झाले तर आठ-नऊ युनिटे खर्ची पडतात. ती तीन-साडेतीन तासांत भरून निघतात. जेवण करून केबल लावली की मध्यरात्रीच्या सुमारास काम झाले. ज्याचे रोजचे फिरणे एवढेच आहे त्याने भिंतीवर बसवायची ७.२ किलोवॅटची पेटी घेण्यासाठी धावाधाव करू नये, असे आम्हाला वाटते. तिला जाड वायर लागते, मंजूर भार वाढवावा लागतो, आणि घरातला बाकीचा वापर धरला तर बऱ्याच घरांना थ्री फेज मागावा लागतो. त्यातून काही गाड्यांच्या पोटातला चार्जरच ३.३ किलोवॅटचा असतो. अशा गाडीला भिंतीवर कितीही मोठी पेटी लावा, ती आपल्या गतीनेच भरणार. गाडी घेतानाच हे विचारून घ्यावे. रंग कोणता हे सगळे विचारतात. आतला चार्जर किती किलोवॅटचा हे विचारणारा विरळा.

मात्र गाडी तासाला तीनऐवजी दोन किंवा त्याहून कमी युनिटे घेत असेल, तर काहीतरी नक्की बिघडले आहे. हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. घरातला फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर बंद करा, मीटरचे रीडिंग वहीत लिहा, तासभर गाडी लावा आणि पुन्हा रीडिंग घ्या. एवढे केल्यावर तुमच्या हातात आकडा येतो, आणि आकडा हातात असला की तिघांपैकी कोणीही तुम्हाला टोलवू शकत नाही.

आकडा कमी आला तर आधी गाडीतली आणि केबलवरची सेटिंग बघून घ्या. काही गाड्यांत पडद्यावर किती अँपिअर घ्यायचे ते ठरवता येते. काही केबलींच्या मधल्या पेटीवर सहा, आठ, दहा अँपिअरचे बटण असते. घरातल्या पोराने कुठेतरी दाबलेले असते आणि मोठी माणसे महिनाभर लाईटला शिव्या देत बसतात! दुपारी पत्र्याच्या शेडखाली, उन्हात तापलेली केबलवरची पेटी स्वतःला वाचवण्यासाठी करंट कमी करते, काही वेळा बंदही पडते. तिला सावली द्या. बॅटरी भरत आली की शेवटी शेवटी वेग मंदावतो, तेही साहजिक आहे.

यातले काही नसेल तर चांगला वायरमन बोलवा. त्याच्याकडून गाडी चार्जिंगला लावलेली असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या, एकदा मीटरपाशी आणि एकदा सॉकेटपाशी. साऱ्या वादाचा निकाल या दोन आकड्यांत आहे. मीटरपाशी २२५ आणि सॉकेटपाशी २०५ असेल, तर मधले वीस व्होल्ट आपल्याच वायरिंगने खाल्ले. मीटरपाशीच १८५ असेल, तर दोष बाहेरचा. मीटरपर्यंत वीज कंपनीची जबाबदारी, मीटरपुढे घरमालकाची. ही हद्द बांधावरच्या दगडासारखी पक्की आहे, आणि आपण भांडतो ते बहुधा हा दगड न बघता.

आधी आपल्या हद्दीतले बोलू. आपल्याकडची बरीच घरे बांधली गेली तेव्हा घरात दिवे, एक पंखा, फार तर टीव्ही असे गृहीत धरलेले होते. पुढे फ्रीज आला, मिक्सर आला, गिझर आला. वायर तीच राहिली. मीटर ओसरीत आणि गाडी मागच्या गोठ्याच्या शेडमध्ये. मध्ये चाळीस मीटर दीडची वायर, तीही दोन ठिकाणी पिळून वर टेप गुंडाळलेली. या वायरीतून चौदा अँपिअर गेले की चौदा-पंधरा व्होल्ट वाटेतच संपतात आणि सुमारे दोनशे वॅट उष्णता भिंतीत राहते. एक-दोन तास चालणाऱ्या गिझरला हे खपून जाते. गाडी सलग आठ-दहा तास तेवढाच करंट ओढते, हा मोठा फरक आहे. त्याच अंतराला चारची तांब्याची वायर टाकली तर तूट पाच-साडेपाच व्होल्टवर येते. वायर ॲल्युमिनियमची असेल तर त्याच जाडीला तूट दीडपटीहून जास्त. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत एक स्वतंत्र लाईन, तिला स्वतःचा एमसीबी, जोड न देता चारची वायर आणि शेवटी चांगल्या प्रतीचे सोळा अँपिअरचे सॉकेट, एवढे तरी हवेच. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणे म्हणजे वाळलेल्या पाचटावर बिडी टाकण्यापैकीच आहे. सॉकेटचे प्लॅस्टिक तपकिरी पडले, वास आला, किंवा बटण बंद करून प्लगला हात लावला तर चटका बसला, तर त्या रात्री गाडी लावूच नये.

आता अर्थिंग. या विषयावर आम्ही जरा कडक लिहिणार आहोत, कारण इथे प्रश्न गाडीचा नसून घरातल्या माणसांचा आहे. अनेक गाड्यांच्या केबलवरची पेटी सुरू होण्यापूर्वी अर्थिंग तपासते. ते नीट नसेल तर लाल दिवा लावून बसते किंवा भरता भरता मध्येच थांबते. सकाळी गाडी अर्धी भरलेली दिसते आणि आपण म्हणतो हळू भरतेय. प्रत्यक्षात ती हळू भरत नव्हती, रात्री दोन वाजता थांबली होती. अर्थिंगचा खड्डा घर बांधताना एकदा भरला, त्यात मीठ-कोळसा टाकला, त्यानंतर त्यावर कोणी तांब्याभर पाणी ओतलेले नाही. उन्हाळ्यात माती कोरडी ठाक पडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. यावर काही हुशार मंडळींनी उपाय काढला आहे. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून द्यायचे, म्हणजे पेटी फसते आणि हिरवा दिवा लागतो. सभासद बंधूंनो, हा उपाय नाही, हा फास आहे. उद्या खांबावरचा न्यूट्रल तुटला तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होईल, आणि सकाळी तिला पहिला हात लावणारा दप्तर घेऊन निघालेला तुमचा नातू असेल. असे जोडून देणाऱ्या वायरमनला पुन्हा दारात उभे करू नका. अर्थिंग नवे करायचा आणि आरसीसीबी बसवायचा खर्च गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

काही वस्त्यांवर याहून वाईट प्रकार आहे. गावठाणाची लाईन वस्तीपर्यंत नाही, म्हणून विहिरीवरच्या पंपाच्या कनेक्शनमधून एक फेज घेतला जातो आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत सळई ठोकली जाते. त्यावर आजवर दिवे लागले असतील. गाडी लावणे हा जिवाशी खेळ आहे. कायद्यानेही तो गुन्ह्याच्या वाटेवर जातो. ज्या कामासाठी कनेक्शन मंजूर झाले त्याखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल शासन भरते. ती सवलत उसाला, भुईमुगाला पाणी मिळावे म्हणून आहे. त्या विजेवर मोटार पळवली तर उद्या शहरातले लोक बोट दाखवतील, आणि तेव्हा सवलत सगळ्यांचीच धोक्यात येईल. घरच्या गाडीला घरगुती कनेक्शनवर घरगुती दरानेच वीज घेता येते, त्याला वेगळे मीटर लागत नाही. मग चोरवाट कशाला?

आता मीटरच्या पलीकडे जाऊ. दाब सहा टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली होऊ नये असा नियम आहे. म्हणजे २३० चे साधारण २१६ च्या खाली जाता कामा नये. पण संध्याकाळी सात ते दहा आपल्याकडच्या कितीतरी वस्त्यांवर तो १९० च्या आत असतो, हे आम्ही नव्याने सांगायला नको. १८० व्होल्टला तीच गाडी तासाला अडीच युनिटे घेते. त्याहून खाली गेला की काही चार्जर काम थांबवतात. यावर लोक स्टॅबिलायझर आणतात. आमच्या मते गाडीसाठी तो घेऊ नये. बाहेर १७० व्होल्ट असताना आत २३० करून द्यायचे तर स्टॅबिलायझर लाईनवरून चौदाऐवजी एकोणीस अँपिअर ओढतो. आपली वायर आणखी तापते, आणि शेजाऱ्याचा दाब आणखी पडतो. मग शेजारीही स्टॅबिलायझर आणतो!

दाब पडतो तो का? इथे मात्र वीज कंपनीकडे बोट दाखवताना आपल्याकडे वळलेली बोटे मोजावी लागतील. वस्तीवरच्या डीपीवर घरे आणि पंप दोन्ही असतात. थ्री फेज आला की ऑटो स्विच लावलेल्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. दहा-पंधरा मोटारींनी एका क्षणी तो घेतला की डीपीचा फ्यूज उडतो नाहीतर गुंडाळी जळते. मालक घरी झोपलेला आणि मोटर आपोआप चालू, ही सोय खरी. पण रात्री शिवारात जाण्याचा त्रास वाचवताना आपण डीपी जाळतो आहोत. दुसरे कपॅसिटरचे. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर असला तर प्रत्येक फेजवरचा करंट साधारण एक ते दीड अँपिअरने कमी होतो. दहा मोटारींचे दहा ते पंधरा अँपिअर झाले. म्हणजे दहा शेतकऱ्यांनी कपॅसिटर बसवले तर एका गाडीच्या चार्जिंगएवढी जागा त्याच डीपीवर तयार होते, नवा रुपया न घालता. वीज कंपनीने अनेक वर्षे हे सांगितले. आपण कपॅसिटर बसवला तो तपासणीच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी काढून माळ्यावर टाकला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे लपवलेला भार. घराचा मंजूर भार एक किलोवॅट, प्रत्यक्षात गिझर, एसी आणि आता तीन किलोवॅटची गाडी. अर्ज करायचा तर पैसे भरावे लागतात, हेलपाटे पडतात, म्हणून कोणी करत नाही. पण ६३ केव्हीएच्या डीपीचा हिशेब बघा. तीन फेजांवर प्रत्येकी एकवीस केव्हीए. त्यातल्या एका फेजवर ७.२ किलोवॅटची एक पेटी लागली की तिसरा हिस्सा संपला. दोन लागल्या की दोन हिस्से. कागदावर मात्र ती डीपी अजून निम्मी मोकळी. मग मोठ्या डीपीची मागणी करायला आपण ऑफिसात गेलो, तर साहेब कागद काढून दाखवतात की तुमच्या डीपीवर भारच नाही. यात त्यांची लबाडी नाही, आपलीच नोंद तशी आहे. उसाची नोंद न देता तोडणीचा नंबर मागणाऱ्याला आपण काय म्हणतो?

याचा फटका कोणाला बसतो, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. गाडीवाल्याला फार तर सकाळी तालुक्याच्या चार्जरवर तासभर थांबावे लागेल. पण एप्रिलात डीपी जळली तर ज्याचा दीड एकर खोडवा पाण्यावाचून उभा आहे त्याचा हंगामच जातो. आणि तेव्हा गावात एकच बोलले जाईल, की अमक्याच्या गाडीने डीपी खाल्ली. मग गाडीवाला आणि पंपवाला असे दोन तट पडतील. आपल्याकडे तट पडायला कारणे आधीच पुष्कळ आहेत.

यास्तव आमची सूचना अशी. ज्यांच्याकडे विजेची गाडी, रिक्षा वा टेम्पो आहे, किंवा यंदा घ्यायची आहे, त्यांनी आधी भारवाढीचा अर्ज रीतसर करावा व त्याची पोच जपून ठेवावी. एका डीपीवरच्या सर्वांनी आठ दिवस सकाळ, दुपार, रात्र मीटरपाशी व्होल्टेज मोजून एका वहीत तारीख-वेळेसह लिहावे, आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज वहीच्या नकलेसह द्यावा. १९१२ या नंबरावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही त्यात लिहावा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे तोंडी कहाणीपेक्षा ती वही जास्त बोलेल.

कारखान्यानेही यात हात घालावा, असे आम्हाला वाटते. गळीत हंगाम संपल्यावर आपल्या इलेक्ट्रिकल खात्यातली तरबेज माणसे देखभालीच्या कामावर असतात. त्यातल्या दोघांनी मीटर आणि अर्थ टेस्टर घेऊन प्रत्येक गटात दोन दिवस दिले, तर निदान घरांचे अर्थिंग तरी तपासून होईल. कोणाकडे गाडी आहे याची यादी करायला चिटबॉय पुरेसे आहेत. त्यांना प्रत्येकाचे अंगण पाठ असते. कपॅसिटर आणि आरसीसीबी कारखान्याने घाऊक भावात आणून खत-बेण्याप्रमाणे उधारीवर द्यावेत आणि रक्कम ऊस बिलातून दोन हप्त्यांत कापावी. ऑटो स्विच काढून देणाऱ्याला कपॅसिटर निम्म्या किमतीत द्यावा की नाही, यावर आमच्यातच दोन मते आहेत. काहींचे म्हणणे, स्वतःची डीपी वाचवायला बक्षीस कशाला.

कपातीचा प्रश्न असल्याने विषय वार्षिक सभेपुढे यावा लागेल. सभासदांनी आपापल्या सूचना व हरकती गट ऑफिसमध्ये लेखी द्याव्यात, सोबत आपला डीपी कोणता आणि त्यावर किती मोटारी आहेत हेही लिहावे. हरकत असेल तर ती आताच लिहावी; सभेच्या दिवशी चहाच्या वेळी मंडपाबाहेर सांगू नये.